चंद्रभागाबाईंच्या चपला

"चपला घालाव्या लागतील, आजी," डॉक्टर टाचेवर पट्टी बांधत म्हणाले. "साखर केवढी वाढलीय. ही जखम भरली, पुढची भरेलच असं नाही. पाय जाईल."

"देवीला बोललेय," चंद्रभागाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पुरं झालं की घालीन."

"काय बोललात एवढं?"

त्या नुसत्या हसल्या. नवस फळण्याआधी तोंडातून काढायचा नसतो, हे डॉक्टरांना कोण सांगणार?

दाराशी उभ्या ज्ञानेशनं मान खाली घातली. आईनं विचारूनही सांगितलं नसलं तरी तो नवस काय असणार, हे त्याला ठाऊक होतं. सगळ्या मखमलाबादला ठाऊक होतं.

चार वर्षांमागची गोष्ट. बारावीला दोनदा नापास झाल्यावर ज्ञानेशनं तिसऱ्यांदा बसायला साफ नकार दिला. त्याच सुमारास वडील, सावळीराम, अंथरुणाला खिळले. डोळ्यांदेखत सून घरात यावी एवढंच त्यांचं मागणं होतं. मुलीकडचे महिनाभर थांबा म्हणत होते, पण चंद्रभागाबाई थांबल्या नाहीत. मार्चमध्येच सुवर्णा माप ओलांडून आली. पुढं चैत्रातल्या यात्रेला चंद्रभागाबाई सप्तशृंगीच्या गडावर गेल्या आणि परतल्या त्या अनवाणीच.

"पोरगं शिकलं नाय ना, त्याचं हे समदं," शेजारच्या भागीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

पण पोरगं थांबलं नव्हतं. सायकलवर झेंडूच्या पाट्या लादून पहाटे फुलबाजार गाठणारा ज्ञानेश आता दिंडोरी रस्त्याला गुलाबाचं पॉलिहाऊस करून बसला होता. आसपासच्या लहान शेतकऱ्यांची फुलं वाटेत नासू नयेत म्हणून सगळ्यांची मिळून एकच गाडी मुंबईला पाठवायची, ही त्याचीच कल्पना. शेतकीची पदवी घेतलेली मुलं त्याच्याकडे कामाला होती. त्यांना तो अहोजाहो करी, आणि तीही त्याला मनापासून मानत.

"शिकून काय झालं असतं?" तो घरी म्हणे. "कुणाच्या तरी हापिसात पंख्याखाली बसलो असतो."

एकदा सुवर्णानं भाकरी थापता थापता विचारलं होतं, "अहो, मी बसू का बारावीला?"

"अन् पास झालीस म्हंजे? मग मला शिकवणार का?" तो हसला होता. सुवर्णाही हसली होती. चंद्रभागाबाई मात्र ओवायला घेतलेलं फूल हातात तसंच धरून बसल्या होत्या.

दवाखान्यातून आल्यावर ज्ञानेशनं बारावीची अट नसलेल्या मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलं.

"गुलाब इकायला बीए लागतं व्हय रं?" भागीबाईंनी कुंपणावरून विचारलं.

"आईच्या पायासाठी लागतं, मावशी," तो म्हणाला.

रोज दिवेलागणीनंतर पुस्तकं निघत. दिवसभर उन्हात राबलेल्या ज्ञानेशला दोन ओळींत डुलकी लागे, म्हणून सुवर्णाच मोठ्यानं वाची. त्याला कळलं नाही की आपल्या शब्दांत समजावून सांगे.

"हे पुस्तकात असं सरळ का नाय लिहीत?" तो म्हणे. "तू सांगितलं की लगेच डोक्यात शिरतं."

देव्हाऱ्याशी वाती वळत बसलेल्या चंद्रभागाबाई ऐकत असत. कधीकधी वात हातात अर्धीच राही.

तिसऱ्या वर्षी डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. दवाखान्यातल्या खाटेशी बसून ज्ञानेश रडवेला झाला.

"आई, मी पास होणारच आहे. देवी काय आपली परकी आहे? थोडं आधी घातल्या चपला तर रागावेल का?"

"देवी नाय रागवायची," त्या त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "पण मीच शब्द दिलाय ना, बाळा. तू आपला अभ्यास कर."

त्यानं केला. गाडी रस्त्यात बंद पडली, पॉलिहाऊसचा कागद वादळानं फाटला, तरी एकही परीक्षा चुकवली नाही. आणि ज्या दिवशी अंगावर तो काळा डगला घालून पदवी घेतली, त्या दिवशी घरी येताना डॉक्टरांनी सांगितलेल्या मऊ तळव्याच्या चपलाही आणल्या.

अंगणात भागीबाई आधीच हजर होत्या. "सोडवलंस बाबा आईला," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "असा लेक समद्यांना मिळो."

चंद्रभागाबाईंनी पदवी कपाळाला लावली, देवीपुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं. मग त्या ओसरीवर येऊन बसल्या. ज्ञानेश पायाशी बसला. त्यानं खोक्यातून चपला काढल्या, आईचा पाय अलगद उचलला.

त्यांनी पाय मागं घेतला.

"आई? झाला ना नवस पुरा?"

"ज्ञानेश, तुझा मला लय अभिमान हाय," त्या म्हणाल्या. "नापास झालास तवाबी होता. तुझं कागदावाचून कुठं काय अडलं होतं, सांग बरं?"

"मग?" त्याच्या हातात चपला तशाच राहिल्या.

सुवर्णा पेढ्यांचं ताट घेऊन दारात आली होती. चंद्रभागाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"सुवर्णा, तुझ्या हळदीच्या दिवशी बारावीचा कुठला पेपर होता गं?"