अठ्ठावन्न थर

चुन्याचा तो पापुद्रा जेमतेम सहा मिलिमीटर जाड होता. त्यात अनुजाने सूक्ष्मदर्शकाखाली अठ्ठावन्न थर मोजले होते. नौदलाच्या बंद तळावरची ही बराक पाडायची की जपायची, हे समिती बारा वर्षं ठरवतच होती. भिंतीवर एकोणीसशे शेहेचाळीसच्या संपातल्या खलाशांची नावं कोरलेली सापडली, तीही याच चुन्याखाली. "परवाच कुणीतरी कोरली असतील," एक सदस्य हसले. लालबागच्या शेवंतामावशी उसळल्या, "माझ्या बापाशीचा नाव आसा थंय! परवा तो काय स्वर्गातसून इलो कोरूक?" अनुजा शांतपणे म्हणाली, "नौदलाच्या वार्षिक तपासणीआधी इथे दरवर्षी चुन्याचा एकच हात द्यायचे, नोंदी आहेत. शेवटचा हात दोन हजार चारचा. नावांवर थर अठ्ठावन्न, तितकी वर्षं मागे जा." अध्यक्षांनी बोटांवर वजाबाकी केली, पुन्हा केली. मग पाडकामाचा प्रस्ताव बाजूला सारून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बराक जपायची."