कोमट पाणी

हाल्वारने अंगणातल्या गरम पाण्याच्या टबाचं झाकण वीतभर उचललं आणि दोरीला बांधलेली तापमापी वर ओढली. एकोणतीस. काल दुपारी वीज गेली तेव्हा अडतीस होतं. बाहेरच्या हवेत उणे चोवीस.

गुनवोर त्याच्यामागे पाना घेऊन उभी होती. शेजारीणच ती. चाळीस वर्षं लोकांच्या घरचे नळ जोडण्यात गेलेली. निवृत्त झाली तरी हातातला पाना काही सुटला नव्हता.

"वीजवाले काय म्हणाले?" तिने विचारलं.

"तारांवर झाडं पडलीत. परवापर्यंत येईल म्हणाले."

"मग वाट कसली बघतोस?"

"पाणी गरम आहे अजून. इतक्यात कशाला गोठतंय."

"हे नाही रे गोठत." तिने टबाच्या लाकडी बाजूवर पाना ठोकला. "आत, खाली, बोटाएवढ्या नळ्या आहेत. पाणी फिरायचं थांबलं की पहिल्या त्या जातात. उद्या सकाळपर्यंत फुटतील. आणि तुला कळेल मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर."

"तुझ्या जनरेटरवर हीटर नाही चालायचा?"

"चालला असता तर पाना आणला असता का मी?"

हाल्वार हसला नाही. झाकण पुन्हा बसवून त्याने त्यावर दोन्ही हात ठेवले, कुणी ते ओढून नेणार असल्यासारखे.

"राग्नहिल्ड शनिवारी यायचीय," तो म्हणाला.

सप्टेंबरात राग्नहिल्डची, त्याच्या बायकोची, डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून ती तिकडे गावातल्या शुश्रूषागृहात होती. आणि तेव्हापासून हाल्वारच्या तोंडी दर आठवड्याला हा शनिवार होता. त्याआधी सव्वीस हिवाळे दोघं जेवण झालं की डोक्याला लोकरी टोप्या घालून या टबात बसत. आता तो एकटा कधी उतरत नव्हता. रोज पाणी तपासायचा, गाळणी धुवायचा, झाकणावरचा बर्फ झाडायचा.

"डॉक्टर काय म्हणतात?" गुनवोरने विचारलं.

"वसंतात बघू म्हणतात."

"मग?"

"हा रिकामा केला की..."

"हा रिकामा केला की टब रिकामा होतो, हाल्वार. बाकी काही होत नाही."

तो वळला आणि घरात गेला. गुनवोरला वाटलं, रुसला. पण तो दुधाच्या दोन किटल्या घेऊन परत आला. शेळ्या होत्या तेव्हाच्या, जस्ताच्या. झाकण बाजूला सारून, बाह्या वर करून त्याने एकेक किटली पाण्यात बुडवली आणि काठोकाठ भरून घेतली. ओले हात वाफाळत होते.

"हे रे कशाला?"

"असू दे."

तिने किटल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "झाकणं घट्ट लाव मग," एवढंच म्हणाली आणि गुडघ्यावर बसून तिने खालची तोटी सोडली.

पाणी बर्फात वाफा टाकत गेलं आणि कुंपणापर्यंत पोचता पोचता थिजलं. तिने पंपाचे जोड सैल केले. जनरेटरवर व्हॅक्यूम लावून एकेका भोकातून उरलंसुरलं पाणी ओढून काढलं, मग नळ्यांत न गोठणारं औषध ओतलं. हाल्वार तिला हत्यारं देत होता. टबाच्या तळाशी फडकं फिरवायला तिने सांगितलं तेव्हा मात्र तो आत उतरला आणि त्याने प्रत्येक फळी पुसली. सावकाश, कोरडी होईपर्यंत.

गोधडीत गुंडाळलेल्या किटल्या त्याने गाडीत शेजारच्या सीटवर ठेवल्या, वरून पट्टा लावला. रस्ता वीस किलोमीटरचा. वळणांवर तो एक हात गोधडीवर ठेवत होता.

"पाणी आणलंत?" शुश्रूषागृहातली परिचारिका म्हणाली. "अहो, नळाला गरम पाणी आहे की आमच्या."

"माहितेय. एक पसरट घमेलं तेवढं द्या मला."

राग्नहिल्ड खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होती. तिने किटल्यांकडे पाहिलं. हाल्वारने घमेल्यात पाणी ओतलं, मनगट बुडवून पाहिलं. कोमट, कसंबसं. त्याने तिच्या उजव्या पायातला मोजा काढला आणि पाय पाण्यात सोडला.

तिने डोळे मिटले. बराच वेळ मिटूनच होती.

"आपलं पाणी," ती म्हणाली. आताशा तिचे शब्द ओढल्यासारखे यायचे.

"हो." "टब रिकामा केला आज. वीज गेली होती. गुनवोरने नळ्याबिळ्या सगळं साफ केलं."

तो तिच्याकडे न बघता घमेल्यात बघत राहिला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "मीच सांगणार होते. रोज वाटायचं, उद्या सांगू."

खाली रस्त्यावर बर्फ काढायची गाडी खरखरत गेली.

"डावा पण घाल," ती म्हणाली.

"त्याला कळत नाही ना गं काही."

"त्याला नाही कळत," राग्नहिल्ड म्हणाली. "मला कळतं."

हाल्वार दुसऱ्या मोज्याकडे वाकला.