चिमूटभर

लेक गेल्या सोमवारी चौदा किलो भरली होती. आज साडेतेरा.

धान्याच्या काट्यावर पाय हलवत बसलेल्या चिमणीला गिरणीवाल्याने उचलून कडेवर घेतलं. सहा वर्षांची पोर, पण हाताला वजनच लागेना.

डॉक्टरीणबाईंनी चार महिन्यांपूर्वी बजावलं होतं. हिच्या आतड्यांना गहू सोसत नाही. ज्वारी द्या, पण गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. आणि परवा म्हणाल्या, अशीच उतरत गेली तर मी भरवसा देणार नाही.

त्याने काय करायचं बाकी ठेवलं होतं? घरातला गहू हद्दपार केला. चिमणीची ज्वारी स्वतः निवडायचा, सकाळची गर्दी ओसरली की स्वतः दळायचा, डबाही स्वतःच घरी न्यायचा. कुणावर म्हणून विसंबला नाही. तरी पोर वाळतच चालली होती.

मग संशय आईवर गेला. गव्हाशिवाय अंगावर मांस चढत नाही, हे म्हातारीचं पालुपद. लपूनछपून तीच भरवत असणार. काल तो तिला नाही नाही ते बोलला. म्हातारीने नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ती खरं बोलत असेल, तर मग माझ्या पोरीला खातंय तरी काय? हा विचार सकाळपासून त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

तेवढ्यात शिंपीणकाकू तांदळाचा डबा घेऊन आल्या. आल्या आल्या नेहमीची कुरकुर सुरू. आधी कुणाचे गहू दळलेस? दगडाला ते पीठ राहतं आणि माझ्यात उतरतं, आधी ते झाडून काढ.

वीस वर्षं काकूंची हीच कुरकुर, आणि वीस वर्षं त्याचं ठरलेलं एकच उत्तर. चिमणीला सावरत त्याने बटणाकडे हात नेला. उत्तर सवयीने तोंडातून निघून गेलं.

"काकू, चिमूटभर गव्हाने कुणी मरतं का?"

बोलला, आणि बटणावरचा हात तिथेच थिजला. दळणाच्या रांगेत गव्हाचे दोन डबे होते. त्यांच्यामागे चिमणीच्या ज्वारीचा.