शून्य चुका

नव्या शेगडीचा फोटो काढता काढता तो थबकला. चार बर्नरपैकी पुढचा डावा काळाठिक्कर पडला होता. बाकीचे तीन मात्र लख्ख, जणू आजच दुकानातून आणलेत.

हा एकटाच कसा काळवंडला? असली कोडी म्हणजे त्याच्या आवडीचा खाऊ. भिंग घेऊन तो शेगडीवर ओणवा झाला.

शेगडी त्यानेच डिझाइन केलेली. चार बटणं एका ओळीत, वर ना खूण ना आकडा. कुठलं बटण कुठल्या बर्नरचं हे हाताला आपसूक कळलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. कारखान्यातले म्हणत, लोक भलताच बर्नर पेटवतील, कुणाचा तरी हात भाजेल. त्यांची तोंडं बंद करायला पठ्ठ्याने पहिला नमुना थेट स्वतःच्या घरी बसवला. सहा महिने रोज जेवताना तो बायकोला विचारायचा, "आज किती चुका?" आणि वहीत लिहायचा, शून्य. हल्ली जेवायला उशीर व्हायचा. एक गरम वाढलं की दुसरं निवलेलं असायचं. त्यावर तो कुरकुरायचा, पण वहीत त्याचा रकाना नव्हता. उद्या ती वही पुढे टाकून त्याने सही केली, की साचा तयार होणार आणि ही शेगडी हजारो घरांत जाणार.

"सरका जरा, दूध तापवायचंय," बायको आत येत म्हणाली.

"मागच्या उजव्यावर ठेव ना," तो भिंगातून नजर न काढता म्हणाला.

तिने पातेलं मागे ठेवलं. तिचा हात बटणांवरून एकदा गेला, परत आला. शेवटी देवाचं नाव घेऊन तिने एक फिरवलं. पुढचा उजवा भप्पकन पेटला, अगदी त्याच्या हनुवटीजवळ. तो टुणकन मागे उडाला.

"अगं, सहा महिन्यांत एकही चूक नाही म्हणालीस ना?"

"नाहीच झाली. हे डावीकडचं एक बटण पाठ केलंय मी. सगळा स्वयंपाक त्याच बर्नरवर करते, एकामागून एक."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग बोलली का नाहीस?"

तिने गॅस बंद केला, पातेलं उचलून काळ्या बर्नरवर ठेवलं.

"तुम्ही रोज विचारलंत, चुका किती झाल्या. उशीर का होतो, ते एकदा तरी विचारलंत का?"