चटका

बायडाबाईंच्या डोळ्यांवर पट्टी होती आणि गालावर कातडी घट्ट करणारं मशीन फिरत होतं. मघाशी स्वतःच्या पाळीला त्यांची सून मोना मशीन दोनवर असतानाच ओरडली होती.

“चटका बसला की सांगा, मावशी,” डॉक्टर क्रांती म्हणाली.

“हुपरीची हाय मी! चांदीच्या भट्टीम्होरं जन्म गेला. वाढव की!”

मशीन पाचवर गेलं. बायडाबाई हसत होत्या, पायाची बोटं मात्र घट्ट आवळली होती. इथल्या पेशंटचं तोंड नाही, पाय बघायचे, हे क्रांतीला पाठ होतं. तिनं गुपचूप आकडा दोनवर आणला.

“केलं बघा फुल्ल.”

बोटं सैल झाली. “आत्ता कसं! बघितलंस का गं, मोना?”

मोना आकड्याकडंच बघत होती.

“बघितलं की, आत्याबाई. तुमचा नादच न्हाय करायचा!”