एकच रंगीत पान

७ मार्च २००३, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. नाशिकच्या तंत्रनिकेतनात वार्षिकांकाच्या पाचशे प्रती छापखान्यातून येऊन पडल्या. भूमापन शिकवण्यात हयात घालवलेले गायधनी सर अडीच महिन्यांनी निवृत्त होणार होते. नऊ वर्षे खपून त्यांनी संगणकासाठी एक आगळी भाषा रचली होती. तिच्यात शब्द नव्हतेच. रंगवलेला नकाशा हाच प्रोग्राम. हिरवा म्हणजे बेरीज, पिवळा म्हणजे साठवण, आणि शेजारच्या दोन तालुक्यांना एकच रंग आला की चूक. निवृत्तीपूर्वी ती एकदा छापून यावी, एवढीच त्यांची आस होती.

त्यांनी पान एकवीस उघडले. जिल्ह्याचे पंधराही तालुके एकजात करडे होते.

"मॅडम, रंग कुठे गेले?"

"सर, रंगीत पान एकच मिळतं," संपादिका रूपाली सोनवणे ओशाळून म्हणाल्या. "ते अध्यक्षसाहेबांच्या वाढदिवसाला गेलं. पण नकाशा किती सुबक आलाय बघा! पेठ, सुरगाणा, सगळी नावं वाचता येतात."

"हो, भूगोलाच्या मास्तरांना उपयोगी पडेल."

अध्यक्षांचा फेटा मात्र छान गुलाबी उमटला होता. सरांनी पेन्सिल काढली आणि एखाद्या अनोळखी वाचकाच्या नजरेने, स्वतःच्याच नियमाने, छापील प्रोग्राम तपासायला घेतला. इगतपुरीपासून येवल्यापर्यंत एकेका तालुक्यावर फुली पडत गेली.

चुका : पंधरा.