खर्जाची तार

"तानपुऱ्याला चार तारा पुरतात, हिला सात कशाला?" विहंगच्या वडिलांनी, नानांनी विचारलं. ते शास्त्रीय गायक. नवी इलेक्ट्रिक गिटार ठेवायची की दुकानात परत करायची, हे तेच ठरवणार होते.

मेटलसारखं दणदणीत रॉक वाजवायला सातवी, जाड तार लागते, हे सांगून उपयोग नव्हता. "खर्जासाठी, नाना," विहंग म्हणाला.

नाना निवळले. "असं होय! छेड बघू."

विहंगने अ‍ॅम्प्लिफायर लावून तार छेडताच फडताळातले डबे थरथरले. नानांनी डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि त्या सुराच्याही खाली, थेट पोटातून षड्ज लावला. पाठिंब्याला आलेला विहंगच्या बँडचा गायक शार्दूल कॉलेजपासून असंच गुरगुरायला धडपडत होता. त्याने आपला माइक नानांपुढे सरकवला.

तळमजल्यावरच्या काकू ओरडल्या, "नाना, पोराला आवरा हो!"

"पोरगा गप्पच आहे, काकू," विहंग खिडकीतून म्हणाला.

गिटार राहिली. शार्दूल हल्ली ड्रम शिकतोय.